बिर्केनवेगवरचं अकरा नंबरचं घर

ज्या शुक्रवारी बँकेचा तपासनीस घर बघायला येणार होता, त्या दिवसासाठी क्षमा तायडेने घर असं घासून काढलं होतं, जणू मुलगी पाहायला पाहुणे येणार आहेत. दोन दिवस सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. मार्च महिना, बाहेर चार डिग्री, आणि आत सासूबाई स्वेटरवर शाल आणि शालीवर गोधडी घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेल्या. शेगडीवर लिंबाच्या साली उकळत होत्या. मसाल्याचा डबा, लसणाची चटणी, लोणच्याच्या बरण्या, सगळं एका खोक्यात भरून क्षमाने ते खोकं गाडीच्या डिकीत नेऊन ठेवलं होतं. सकाळी अंजनाबाईंनी विचारलं, थोडं वरण फोडणीला टाकू का. क्षमा म्हणाली, आई, आज नको, आज ब्रेड खाऊ. त्यांनी ब्रेड खाल्ला. एक शब्द बोलल्या नाहीत, आणि न बोलता ब्रेड खाणारी सासू म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं नाही तो सुखी.

घर अजून त्यांचं नव्हतं, व्हायचं होतं. फ्रँकफर्टपासून एस-बान लोकलने पंचवीस मिनिटांवरचं गाव, त्यात बिर्केनवेग नावाची गल्ली आणि गल्लीत एकाच साच्यातून काढलेली बावीस दुमजली घरं. पालिकेच्या घरबांधणी कंपनीने ती १९६७ साली कामगारांसाठी उभी केली होती. क्षमा आणि यशपाल २०१० पासून अकरा नंबरमध्ये भाड्याने राहत होते. यशपाल एका इंजिनिअरिंग कंपनीत, आठवड्यातले चार दिवस ड्युसेलडॉर्फला. क्षमा एश्बॉर्नला सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर. मुलगी क्रांती नऊ वर्षांची, तिसरीत. एवढ्या भाड्यात मागे बाग असलेलं घर मिळालं म्हणून फ्रँकफर्टचे मित्र त्यांच्यावर जळत असत.

मग २०१४ च्या ऑक्टोबरात कंपनीचं पत्र आलं. कंपनी ही सगळी घरं विकणार होती. राहत्या भाडेकरूंना पहिला हक्क, तोही बाजारापेक्षा कमी किमतीत, पण नोटारसमोर, म्हणजे सरकारमान्य नोंदणी वकिलासमोर, सही ३१ मार्चच्या आत व्हायला हवी. नाहीतर उरलेली घरं एका गुंतवणूकदाराला एकगठ्ठा जाणार. यशपालने ते पत्र तीनदा वाचलं आणि जेवण टाकून अकोल्याला आईला फोन लावला.

कारण घर ही गोष्ट त्या माणसाच्या डोक्यात लहानपणापासून रुतलेली होती. त्याचे वडील पोस्टमन. अकोल्यात भाड्याची खोली बघायला गेलं की मालक आधी आडनाव विचारायचा, आडनावावरून काही उमगलं नाही तर गाव विचारायचा, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर घरात कुणाचा फोटो लावता ते विचारायचा. ज्यांनी आधी विचारलं नाही त्यांना फोटो लागल्यावर कळायचं. मग महिना-दोन महिन्यांत मालकीण दारात उभी राहून म्हणायची, तुमच्या स्वयंपाकाचा वास येतो हो, आमच्याकडे चालत नाही, खोली खाली करा. असं एकदा नाही, तीनदा झालं. तिसऱ्या वेळी यशपाल क्रांतीएवढा होता, आणि हातगाडीवर भांडी लादून आईच्या मागून चालताना त्याने काय ठरवलं असेल ते सांगायला नको. लग्न ठरताना त्याने क्षमाला पगाराआधी ही गोष्ट सांगितली होती. तेव्हा आपल्या नावाचं घर, ज्यातून कुणी उठवणार नाही असं घर, हे या कुटुंबाला का हवं होतं ते क्षमाला चांगलं ठाऊक होतं.

पण घर घेणं म्हणजे काय भाजी घेणं आहे? पहिल्या बँकेतल्या बाईंनी दोघांचे पगार बघून कॉफी मागवली. मग पत्ता टाइप केला, स्क्रीनकडे बघितलं आणि कॉफी बाजूला सरकवली. हे घर विटांचं नाही, त्या म्हणाल्या. लाकडी सांगाडा, त्यावर भुशाच्या दाबलेल्या फळ्या, बाहेरून सिमेंटचे पत्रे. कारखान्यात भिंती बनवून ट्रकवरून आणून उभं केलेलं, फेर्टिगहाउस, तेही सदुसष्ट सालचं. आमच्या दृष्टीने तिथे घर नाहीच. तिथे फक्त जमीन आहे.

दोघं बाहेर आले ते एकमेकांकडे न बघता. पाच वर्षं ज्या घरात झोपलो, उठलो, आजारी पडलो, त्या घराला बँक घरच म्हणत नाही, हे ऐकल्यावर माणसाने करायचं काय? दुसऱ्या बँकेने तेच सांगितलं. तिसरी बँक जरा नरमली. आमचा गुटआख्टर, म्हणजे घरांची तपासणी करणारा तज्ज्ञ, येऊन बघेल आणि त्याने बरं मत दिलं तर कर्ज देऊ, असं तिने कळवलं. नोटारची वेळ मंगळवार, एकतीस मार्च, सकाळी दहाची ठरली होती, आणि गुटआख्टर यायचा होता आदल्या शुक्रवारी दुपारी तीनला. सारं काही त्या एका माणसावर येऊन थांबलं होतं. या सहीसाठी म्हणून अंजनाबाई दोन वर्षांनी व्हिसा काढून आल्या होत्या.

आता खरं सांगायचं तर क्षमाला भिंतींची भीती नव्हती. भीती होती वासाची.

त्याची कथा अशी. क्रांती पहिलीत गेली ते २०१२ साल. तेव्हा अंजनाबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. ऑक्टोबरात एके दिवशी क्रांती शाळेतून आली ती जॅकेट काढून थेट कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाली. वर्गात तिच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. मुलं नाक दाबत. पुढे पालकसभेत वर्गशिक्षिका फ्राऊ ओटेन यांनी क्षमाला बाजूला घेतलं आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं की क्रांतीच्या कपड्यांना एक विशिष्ट वास असतो, वाईट वाटून घेऊ नका, पण कदाचित स्वयंपाक करताना दार बंद ठेवलं आणि कपडे दुसरीकडे टांगले तर बरं. क्षमा थँक्यू म्हणाली. थँक्यू! घरी येईपर्यंत तिचे कान तापलेले होते, आणि दारात पाऊल टाकलं तर समोर सासूबाई सुकट भाजत होत्या.

ती बोलली ते रागाने बोलली नाही. ते एक परी बरं झालं असतं. तिने अगदी समजूतदारपणे, फ्राऊ ओटेनसारख्याच मऊ आवाजात सांगितलं, आई, तुमच्या स्वयंपाकाच्या वासामुळे पोरीला शाळेत त्रास होतो. अंजनाबाईंनी शेगडी बंद केली, सुकट वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बाहेरच्या डब्यात टाकून आल्या. पुन्हा त्या घरात त्यांनी सुकट काय, लसूणसुद्धा ठेचला नाही. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही गुडघेच.

त्या गेल्या तरी वास गेला नाही. मग क्षमाने स्वतःची फोडणी बंद केली. क्रांतीचे शाळेचे कपडे प्लास्टिकच्या पेटीत, पेटी तळघरात. मुलीने सकाळ-संध्याकाळ केस धुवायचे. भाकरी बंद, मेथी बंद, हिंग हद्दपार. क्रांती सातव्या वर्षीच शिकली की घरचं जेवण म्हणजे शाळेत शिक्षा, आणि हळूहळू ती घरात मराठीही बोलेनाशी झाली. कळायचं सगळं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. क्षमा दिवसभर ऑफिसात काय करायची? प्रोग्रॅम बिघडला की एकेक गोष्ट बंद करून नेमका दोष कुठे आहे ते शोधायची, त्याचा पगार घ्यायची. घरी तिने एकेक गोष्ट बंद केली, सगळं बंद केलं, वास तसाच राहिला, आणि तरीही तिला एकदाही वाटलं नाही की आपण चुकीच्या जागी शोधतोय. कारण आपल्याला वास येतो असं कुणी म्हटलं की पुरावा न मागता मान खाली घालायची, हे या घरात कुणालाही शिकवावं लागत नव्हतं.

तीन वाजता बेल वाजली. गुटआख्टरचं नाव हेर लोरेन्स. साठीचा, उंच, खांद्याला चामड्याची जुनी पिशवी. त्याने दारातच पाय पुसले, मान वर केली आणि दोनदा नाक आत ओढलं.

क्षमाच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवसांची थंडी, लिंबाच्या साली, डिकीतलं खोकं, सगळं फुकट. तो काही बोलायच्या आतच तिने माफी मागून टाकली. आम्ही भारतीय आहोत, आमच्या स्वयंपाकात मसाले असतात, ती भराभर बोलत सुटली, हल्ली आम्ही फार कमी वापरतो, घर आमच्याकडे आलं की भिंती पुन्हा रंगवूनच घेणार आहोत. हेर लोरेन्सने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, मुलांची खोली कुठे आहे आणि स्वयंपाकघरापासून सगळ्यात लांब ती आहे का.

वरच्या मजल्यावर क्रांतीची खोली होती. क्रांती नुकतीच शाळेतून आलेली, पलंगावर पुस्तक घेऊन बसलेली. अंजनाबाईही जिना चढून आल्या, कारण घराचा निकाल त्यांना समोर उभं राहून ऐकायचा होता. हेर लोरेन्स बाहेरच्या भिंतीजवळ गुडघ्यांवर बसला. आधी त्याने बोटांनी भिंत वाजवली, ती पोकळ वाजली. मग विजेचा प्रवाह बंद करून त्याने पेचकसाने प्लगच्या पेटीचं झाकण काढलं, भिंतीतल्या त्या भोकाशी नाक नेलं आणि क्षमाला बोलावलं.

"तुम्ही या. वास घ्या."

क्षमा वाकली. भिंतीच्या आतून थंड हवा येत होती आणि त्या हवेत तोच वास होता. ओलसर, बुरसट, किंचित गोडसर. क्रांतीच्या जॅकेटचा. क्रांतीच्या उशीचा. ऑफिसातून येऊन दार उघडल्यावर रोज संध्याकाळी तोंडावर येणारा, आणि आपल्या कढईचा म्हणून तिने रोज स्वतःला बोल लावलेला.

"हा मसाल्याचा नाही, फ्राऊ तायडे," हेर लोरेन्स म्हणाला. "पंचवीस वर्षं मी हा वास ओळखतो. हा घराचा आहे."

त्याने समजावून सांगितलं. त्या काळात अशा घरांच्या लाकडाला कीड लागू नये म्हणून विषारी औषध पाजत. लाकूड दमटलं की वर्षानुवर्षांनी त्या औषधापासून हा वास तयार होतो, आणि तो कपड्यांत, केसांत, कातडीत असा बसतो की धुऊन जात नाही. घरातल्यांचं नाक मरतं, बाहेरच्यांना मात्र लगेच जाणवतो. फळ्यांमधून दुसऱ्या एका रसायनाची वाफ निघते, आणि बाहेरच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस आहे. आकडे प्रयोगशाळा देईल, पण निकालाचा त्याला संशय नव्हता. बँकेला तो लिहिणार होता की इमारतीची किंमत शून्य, उलट पाडायचा खर्च जमिनीतून वजा करा. आणि मग पिशवी आवरता आवरता त्याने विचारलं, मुलीला शाळेत कुणी काही म्हणतं का. अशा घरांतल्या मुलांना नेहमी म्हणतात, तो म्हणाला. लोक मला पत्रं लिहितात. बहुतेक आया सांगतात की आम्ही मुलांना फार अंघोळ घालत होतो.

क्षमा भिंतीला टेकून खालीच बसली.

"काय म्हन्ते तो साहेब?" अंजनाबाईंनी विचारलं. त्यांना जर्मनचा एक शब्द येत नव्हता. "घराचं जमते का नाही?"

सगळे तिच्याकडे बघत होते. हेर लोरेन्सही थांबला. आता हे मराठीत बोलायचं होतं. ज्या तोंडाने अडीच वर्षांपूर्वी ते वाक्य उच्चारलं, त्याच तोंडाने आता हे उच्चारायचं होतं. आणि शिकली-सवरलेली, आठ माणसांची टीम सांभाळणारी क्षमा तायडे काय म्हणाली?

"घर जुनं आहे म्हणतात, आई. बँक बहुतेक कर्ज देणार नाही."

खोटं नव्हतं ते. त्याहून वाईट होतं, अर्धं होतं. अंजनाबाईंनी मान हलवली. म्हाताऱ्या बाईच्या हातातोंडाशी आलेला घास गेला होता, आणि तो कशाने गेला हेही तिला धड सांगितलं जात नव्हतं.

तेव्हा पलंगावरून क्रांती बोलली. पोरीला दोन्ही भाषा कळत होत्या, तिने दोन्ही ऐकलं होतं आणि मधलं गाळलेलं तिने बरोबर पकडलं होतं. अडीच वर्षांत ती आजीशी मराठीत एक सबंध वाक्य बोलली नव्हती. आता शब्द शोधत, अडखळत ती म्हणाली, "आजी, तो वास तू नाही. घर आहे. भिंतीच्या आत आहे. मम्मा सांगत नाही."

अंजनाबाईंनी आधी नातीकडे बघितलं, मग उघड्या पेटीकडे. त्या हळूहळू भिंतीपाशी गेल्या, गुडघ्यांवर बसल्या, बिनतक्रार बसल्या, आणि त्या भोकाशी नाक नेऊन त्यांनी वास घेतला. बराच वेळ घेतला. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की क्षमाला त्यांच्याकडे बघवेना.

"इथं भिंत उघडून पाहाणारा मानूस आला," त्या म्हणाल्या. "अकोल्यात कोनी आला असता, तर तिथं काय निंगालं असतं?"

हेर लोरेन्सला शब्द कळले नाहीत, पण तो टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि निघताना त्याने आधी अंजनाबाईंशी हस्तांदोलन केलं.

तो गेल्यावर क्षमाने सासूबाईंचे पाय धरायचा प्रयत्न केला. त्यांनी धरू दिले नाहीत. त्या रागावल्याही नाहीत. फक्त म्हणाल्या, "माहे गुडघे दुखत नव्हते, क्षमा." आणि खाली निघून गेल्या. भरल्या घरात, दिवसाउजेडी, क्षमा तोंडावर हात दाबून रडली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिने, आणि संन्यासी दोन वर्षं फोनवर तिची खुशाली विचारत होता.

यशपाल सातच्या गाडीने ड्युसेलडॉर्फहून आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याचाही चेहरा उतरला, पण घराची भूक अशी सहजासहजी मरत नाही. जेवणाच्या टेबलावर तो कागदावर चौकोन काढायला लागला. जमीन तर चांगली आहे ना, तो म्हणाला. नातेवाइकांकडून जमवू, जमिनीपुरतं कर्ज मिळेल. आता सही करून ठेवू, चार-पाच वर्षांनी पाडून विटांचं बांधू. तोवर क्रांतीला खाली झोपवू, खिडक्या उघड्या ठेवू. गल्लीत बावीस घरं आहेत, सगळी जगतायतच की. शेजारच्या फ्राऊ केस्लर अडुसष्ट सालापासून राहतात, त्यांना काय झालं?

क्षमा तासाभरापूर्वीच फ्राऊ केस्लरकडे जाऊन आली होती. त्यांनी सही कधीच करून टाकली होती. वास? कसला वास? असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं होतं. पाच मिनिटांनी त्या स्वतःच कुंपणाशी आल्या. त्यांच्या मुलाला, तो आता पन्नाशीला आलाय, लहानपणी वासाबद्दल शाळेतून चिठ्ठी आली होती, त्या म्हणाल्या. त्या त्याला रोज पहाटे कपडे धुवायच्या साबणाने घासायच्या, रक्त येईपर्यंत. तो गेली वीस वर्षं घरी येत नाही. एवढं सांगून त्या क्षमाकडे बघत उभ्या राहिल्या, की ही आता काय म्हणते. क्षमाने हे यशपालला सांगितलं. पण कागद त्याने बाजूला ठेवला नाही.

तो कागद अंजनाबाईंनी उचलला. नीट घडी घातली आणि त्याच्या खिशात घातला.

"तीन घरांनी मले बाहेर काढलं," त्या म्हणाल्या. "तिनई वेळा मी मान खाली घालून निंगालो, का बा आपलंच काही चुकलं असन. हे घर मले काढून नाही राह्यलं. हे मी सोडून राह्यलो. पाटी लावाची हौस मलेई होती, यशपाल, तुह्यापेक्षा जास्त होती. पन ज्या भिंतीनं माह्या नातीले जातीबाहेर केल्यावानी केलं, त्या भिंतीवर माहं नाव नको."

यशपाल आईसमोर मान खाली घालून बसून राहिला. नऊ वर्षांचा असताना हातगाडीमागून चालताना तो रडला नव्हता. आता रडला.

क्षमाने पुन्हा माफीचा विषय काढला तेव्हा अंजनाबाईंनी तिला थांबवलं. माझी नंतर माग, त्या म्हणाल्या, आधी जिची मागायची तिची माग.

क्रांती बैठकीच्या खोलीत गादीवर होती. क्षमा तिच्याजवळ बसली आणि मराठीत, सोप्या शब्दांत, काही न गाळता तिने सगळं सांगितलं. की शाळेतल्यांनी सांगितलं ते मम्माने खरं मानलं. की मम्माने कधी तपासलंच नाही. की चूक आजीची नव्हती, क्रांतीची नव्हती, जेवणाची नव्हती. क्रांतीने सगळं ऐकलं. "मला वाटायचं ते माझ्या आत आहे," ती जर्मनमध्ये म्हणाली. "म्हणून मी जास्त घासायचे." आणि थोड्या वेळाने तिने विचारलं, "आता त्यांना कोण सांगणार?"

सोमवारी हेर लोरेन्सचं एका पानाचं प्राथमिक पत्र आलं. पालिकेच्या कंपनीला फोन केला तर तिथल्या माणसाने सांगितलं की आजवर एकही तक्रार नाही. यशपालने नोटारची वेळ रद्द केली आणि भाड्याच्या घरांच्या जाहिराती उघडल्या. एवढी वर्षं पाहिलेलं स्वप्न मोडायला एक फोन पुरला, तीन मिनिटांचा.

मंगळवारी दहा वाजता, ज्या घटकेला त्यांनी घराच्या कागदांवर सही करायची होती, त्या घटकेला क्षमा आणि क्रांती शाळेत फ्राऊ ओटेनच्या टेबलासमोर उभ्या होत्या. फ्राऊ ओटेनने पत्र वाचलं. गळ्यापासून कानापर्यंत ती लाल झाली. बाई वाईट नव्हती, तेच तर अवघड होतं.

"मला खरंच वाटलं की स्वयंपाकामुळे," ती म्हणाली. "पण विश्वास ठेवा, कुणी वाईट मनाने म्हणालं नव्हतं."

"माहीत आहे," क्षमा म्हणाली. "मीही माझ्या सासूला वाईट मनाने म्हणाले नव्हते. म्हणून तर आपल्या दोघींपैकी कुणी तपासलं नाही."

फ्राऊ ओटेनने पत्र खाली ठेवलं. वर्गाला मी समजावून सांगेन, ती म्हणाली. क्रांतीने नको म्हणून मान हलवली. ती स्वतः सांगणार होती. किती वेळ लागेल, फ्राऊ ओटेनने विचारलं. दोन मिनिटं, क्रांती म्हणाली, आणि आईचा हात सोडून वर्गात गेली.